परसातली फरशी, बिनसिमेंटची

अहो वहिनी, थांबा की जरा. कपडे काय, मागाहून वाळत घालता येतील. मघाशी तुमच्या परसात टेप घेऊन फिरत होता तो माणूस कोण म्हणायचा? ठेकेदार ना? मी म्हटलंच ह्यांना. कानावर पेन्सिल, आणि मोजायच्या आधीच मान हलवून ‘खर्च येईल’ म्हणणं. किती सांगितले? मोठ्यानं नको, तुमच्या सासूबाई ओट्यावर बसल्यात. बोटांनी दाखवा... अगं बाई! एवढ्यात आमच्या काळात लग्नं होत होती.

आणि एवढे मोजून करणार काय, तर सगळ्या परसाला काँक्रीट. संध्याकाळी दोन खुर्च्या टाकून चहा प्यायचा म्हणून?

कोपऱ्यावरच्या बंगल्यात काय झालं ते तुम्हांला ठाऊक नसणार, तुम्ही तेव्हा इथं राहायला आला नव्हता. त्यांनी कुंपणापासून कुंपणापर्यंत काँक्रीट ओतलं आणि वर चकचकीत टाइल्स. हॉलमध्ये घालायच्या त्याच. बाई पाहुण्यांना मागच्या दारानं नेऊन दाखवायच्या. श्रावण लागला आणि भांडीवाली त्या टाइलवरनं अशी घसरली की मनगट प्लास्टरात. त्यानंतर बाईंनी तिथं गोणपाट अंथरलं. टाइलवर गोणपाट! आणि पुढच्या उन्हाळ्यात मधोमध चीर, तुळशीपासून थेट मोरीपर्यंत.

चीर पडणारच होती. आपली सांगलीची जमीन काळी, चिकण. पाणी प्यायली की फुगते, उन्हानं आटते. एप्रिलमध्ये मोकळ्या प्लॉटवर जाऊन बघा, भेगेत हात जातो. असल्या मातीवर तीन-चार इंचांचा काँक्रीटचा पत्रा नुसता ओतला तर माती वर-खाली होणार आणि तो मोडणार. पण खरी गंमत पुढंच. चेंबर तुंबला. आता लाइन कुठनं गेलीय ते कुणाला आठवतंय? ब्रेकर आणला, दिवसभर कॉलनी हादरली, आणि जिथं फोडलं तिथं नळ नव्हताच. दुसरीकडं फोडलं. आता ते परस ठिगळं लावलेल्या वाकळेगत दिसतं, आणि पाहुण्यांना पुढच्या दारानंच चहा मिळतो.

तुमचा चेंबर कुठाय? तो पेरूच्या बुडाशी ना? ठेकेदारानं विचारलं का तुम्हांला? नाही ना. मग बघा.

आमच्याकडं या इकडनं बघा. टेका, पण त्या खांबाला नको, हलतोय तो. ही शहाबादी आहे ना, हिच्याखाली सिमेंटचा कण नाही. नुसत्या कचेवर बसवलीय. अगदी मधली फरशीसुद्धा पहारीनं उचलून पुन्हा बसवता येते. आमचीही पाण्याची लाइन हिच्या खालनंच गेलीय. उद्या गळली तर दोन फरश्या उचलायच्या, काम करायचं, पुन्हा ठेवायच्या. प्लंबरचा चहा थंड व्हायच्या आत.

हे डोक्यात घातलं आमच्या पुतणीच्या नवऱ्यानं. तो डॅलसला असतो. तिकडं मजूर परवडत नाही, म्हणून चांगले शिकलेसवरलेले लोक सुट्टीच्या दिवशी स्वतः परस खणतात. त्यानं दुकानातनं दाबायचं मशीन दिवसभरासाठी भाड्यानं आणलं आणि व्हिडिओ कॉलवर आम्हांला खड्डा दाखवत बसला. मला वाटलं, अमेरिकेत सगळं गुळगुळीतच असणार. तर नाही! डॅलसचीही माती आपल्यासारखीच काळी आणि फुगणारी. घरांचे पाये हलतात म्हणे, आणि उन्हाळ्यात माती आटू नये म्हणून लोक पायाभोवती नळी टाकून पाणी सोडतात. तो म्हणाला, ‘काका, वरच्या दगडाचं एवढं काही नसतं, सगळा खेळ खालच्या भरावाचा.’ झालं. ह्यांना चेव चढला. निवृत्त माणसाला चेव चढला की घरात दोनच वाटा असतात, एक तर आपण माहेरी जावं, नाहीतर घमेलं उचलावं. मी घमेलं उचललं.

पैसे कुठं वाचले सांगू? फरशीत. पेठेतला एक जुना वाडा पाडत होते. अशा घरांतनं शहाबादी निघते, लोकांना आता नको असते. नवीच्या निम्म्या भावात मिळाली. आणि जुनी फरशी चांगली जाड असते बरं का. दगड मूळचा कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादचा, म्हणजे पूर्वीच्या निजामाच्या मुलखातला. चुनखडीचा, आणि जमिनीतच थरावर थर असा असतो, चिरोट्याच्या पापुद्र्यांसारखा. म्हणून तर आयती सपाट निघते. घेताना एकेक फरशी उभी करून बोटाच्या पेरानं ठोकून बघायची. खणखणीत वाजली तर ठेवायची, बद्द वाजली तर आत चीर आहे समजायचं. भंगारवाला वैतागला. वैतागू दे. आणि पायांनी झिजून गुळगुळीत झालेली बाजू खाली घालायची, खरबरीत वर. पावसात पाय धरतो.

नाही हो, पॉलिशची नको. परसात कशाला पॉलिश?

माप आम्ही १० बाय १२ फुटांचं धरलं. का, तर फरशी २ बाय २ ची, बरोबर ३० नग बसतात. एकही कापावी लागत नाही. कटर भाड्यानं आणणं नाही, धूळ नाही, कापणाऱ्याची विनवणी नाही. जागेप्रमाणे फरशी कापू नये, फरशीप्रमाणे जागा आखावी. फक्त सांध्यांसाठी आणि कडेच्या विटांसाठी चारही बाजूंनी थोडं जास्त खणायचं.

काटकोन? त्याला गुण्या कशाला हवा एवढा मोठा. दोरी घ्यायची. कोपऱ्यातनं एका अंगाला ३ फुटांवर खूण, दुसऱ्या अंगाला ४ फुटांवर. दोन खुणांमधलं अंतर ५ भरलं की काटकोन. यज्ञाच्या वेदी आखायला शुल्बसूत्रांत हेच आहे, आणि आपला गवंडीही हेच करतो.

आता खणणं. इथं मात्र काटकसर करायची नाही. सात इंच. वरची माती, गवताची मुळं, सगळं काढायचं. दिवाळीनंतर सुरू करा, जमिनीत ओल असते, कुदळ लागते. मे महिन्यात पहार मारली तर पहारच उडते. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही ती मी सांगते. खड्ड्यातनं जी माती निघते तिचं काय करायचं? १२० चौरस फूट जागा सात इंच खणली की सत्तर घनफूट माती निघते, म्हणजे पाऊण ब्रासला थोडीच कमी, आणि मोकळी झाली की तिचा ढीग आणखी फुगतो. मी केळीच्या आळ्यात घातली, कुंड्या भरल्या, पलीकडच्या मास्तरांच्या गुलाबांना दिली. मास्तर अजून नाव काढतात. त्यांच्या मिसेस नाही काढत, कारण आमची घमेली त्यांच्या धुतलेल्या पायऱ्यांवरनं गेली.

मग मुरूम. दाबून चार इंच व्हायला हवा, म्हणजे टाकताना पाच. अर्धा ब्रास लागतो. एकदम ओतून वरनं नाचायचं नाही. निम्मा पसरायचा, पाणी शिंपडायचं, चिखल होईल इतकं नाही, आणि धुम्मस मारायची. मग उरलेला निम्मा, पुन्हा पाणी, पुन्हा धुम्मस. पायाची टाच रुतली नाही पाहिजे. धुम्मस आम्ही गवंड्याकडनं मागून आणली. तो म्हणाला, ‘काकू, माणूस लावा की.’ म्हटलं, माणूस लावलाय, तो काय तिथं घाम पुसतोय. संध्याकाळी ह्यांच्या खांद्यांना मी तीळतेल लावत होते आणि हे पुतणीच्या नवऱ्याला फोनवर सांगत होते, ‘अरे, मशीनची काही गरज नाही.’

ढाळ विसरू नका, नाहीतर पावसाचं पाणी स्वयंपाकघरात येईल. घरापासून बाहेरच्या अंगाला १० फुटांना दीड-दोन इंच उतार पुरतो, खुर्ची डगमगत नाही. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, दोन टोकांचं पाणी एकाच उंचीला राहतं. घराकडची खुंटी आणि लांबची खुंटी त्यावरनं ठरवायची, मग लायनदोरी बांधायची. डोळ्यांनी ढाळ बघायला जाऊ नये. आमचे भावजी म्हणाले, ‘माझी नजर म्हणजे लेव्हल आहे.’ त्यांच्या गच्चीवर पाणी कुठं साठतं ते मी बघितलंय. आणि फरशीची वरची पातळी जोत्यापेक्षा सहा इंच तरी खाली हवी, नाहीतर ओल भिंतीत चढते. तुमचं जोतं आधीच बुटकं आहे, वहिनी. राग मानू नका.

मुरमावर दीड इंच कच. पंधरा-वीस घनफूट. दोन्ही कडांना दीड इंची पाइप ठेवून त्यांवरनं सरळ पट्टी ओढली की सपाट होते. मग पाइप काढून त्यांच्या खाचा भरून टाकायच्या. त्या कचेवर कुणाला पाय ठेवू द्यायचा नाही. मांजराला सांगून उपयोग नसतो.

फरशी एका कोपऱ्यातनं सुरू करायची आणि बसवलेल्या फरशीवर बसून पुढची घालायची. एक नग तीसेक किलोचा भरतो. उचलायचा नाही, काटावर उभा करून चालवत न्यायचा, दोघांनी. खाली सोडताना बोटं आत नकोत, शेवटच्या क्षणी लाकडाची चीप ठेवायची. रबरी हातोडी हलकी मारायची, डगमगली तर उचलून खाली मूठभर कच घालायची. जुन्या फरश्यांची जाडी सारखी नसते, त्यामुळं मूठभर इथं, चिमूटभर तिथं, हे चालायचंच. ह्या भागाला वेळ लागतो, आणि नवराबायकोचं बोलणं बंद होतं ते इथंच.

सांधा पाव इंचाचा ठेवायचा आणि त्यात बारीक कच झाडूनं भरायची. ठेकेदार म्हणेल, सांध्यात व्हाइट सिमेंट भरू. भरायचं नाही. जमीन हलली की ते पहिलं निघतं. कच भरली की पाऊसही थोडा खाली मुरतो. कडेला मात्र उभी वीट हवी, ती मातीत घट्ट, तिच्या बाहेरच्या अंगाला थोडा माल लावला तरी चालेल. तेवढंच काय ते सिमेंट. कड सुटली की सगळ्या फरश्या पांगायला लागतात.

काय म्हणालात, लिंबू? हां, ते बरं विचारलंत. चुनखडीचा दगड आहे, आंबट सोसत नाही. लिंबू, चिंच, लोणच्याचा खार सांडला की पांढरा डाग उठतो, आणि तो डाग नसतोच, दगडच खाल्लेला असतो. म्हणून संडास धुवायचं ॲसिड हिच्यावर कधीच नाही. पावसाळ्यात शेवाळ धरलं तर खराटा आणि ब्लीचिंग पावडरचं पाणी. आणि ॲसिड नि ब्लीचिंग एकत्र तर अजिबात करू नका, क्लोरीनचा वायू सुटतो, जीव घाबरा होतो.

सावलीचं मी वेलीवर सोडलंय. चार बांबू, वर तार, घोसाळी आणि मधुमालती. तुम्ही मात्र त्या शेवग्याखाली खुर्च्या टाकू नका. शेवग्याची फांदी ठिसूळ, वाऱ्यानं कधी मोडेल नेम नाही. सासूबाईंना तिथं नका बसवू. तसं नव्हे हो, हसताय काय! पेरूच्या अंगाला जागा आहे की चांगली. फक्त मुळांपासून दोन-तीन हात लांब खणा.

तर ठेकेदाराला उद्या फोन करून नाही म्हणून सांगा. फरशीचं मी बघते, त्या भंगारवाल्याकडं अजून थप्पी आहे, आणि मला बघून तो आता भाव करत नाही. धुम्मस, लेव्हलची नळी, पहार आमच्याकडं आहेत. एकच अडचण आहे, मुरूमवाला अर्धा ब्रास घेऊन येत नाही. ट्रॅक्टरची पुरी ट्रॉली घ्यावी लागते, म्हणजे ब्रासभर, आणि खेपेचे पैसे तेवढेच. तेव्हा ट्रॉली मागवाल तेव्हा मला हाक मारा. मला पुढच्या फाटकापर्यंत पायवाट करायचीय. उरलेला अर्धा ब्रास मी घेते, खेपेचे पैसे निम्मे-निम्मे.