तीन किलोंसाठी तीन लाख

तंजावरला बसून बंगळूर सांभाळणं व्यंकोजीराजांना परवडेना. वडिलोपार्जित जहागीर खरी, पण वापर कमी आणि मेंटेनन्स जास्त, तेव्हा ती विकून मोकळं व्हावं असं त्यांच्या मनात आलं. सौदा पुरा होण्याआधीच, १६८७ मध्ये, औरंगजेबाचा सरदार कासीमखान मध्ये घुसला, त्याने शहर ताब्यात घेतलं आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांच्या हवाली केलं. किंमत तीन लाख रुपये. त्यात किल्ला आला, पेठ आली, तळी आली. ‘एक्स-शोरूम’ वेगळी आणि ‘ऑन-रोड’ वेगळी, ही भानगड तेव्हा निघाली नव्हती.

आज त्याच बंगळुरात सोळा लाखांची पेट्रोल गाडी घेऊन बघा. कर्नाटकाचा आजीवन रोड टॅक्स १७ टक्के, त्या टॅक्सवर पुन्हा ११ टक्के सेस-सरचार्ज, एकूण १८.८७ टक्के. आकडा येतो तीन लाख एक हजार नऊशे वीस. चिक्कदेवराजांना जेवढ्यात अख्खं शहर मिळालं, तेवढे पैसे भरून आपल्याला त्या शहराच्या रस्त्यावर गाडी आणण्याची परवानगी मिळते. गाडी पुढे सरकेल याची हमी त्यात नाही.

जयनगरच्या आमच्या फोर्थ टी ब्लॉकमध्ये हा सौदा नुकताच भाच्याच्या घरी रंगला. भाचेसुनेला सातवा महिना. डोहाळजेवण झालं, हिरव्या बांगड्या भरल्या, आणि त्याच रात्री भाच्याने जाहीर केलं, “बाळ यायच्या आत गाडी घ्यायची. प्रॅक्टिकल.” प्रॅक्टिकल हा शब्द आमच्या घरात उच्चारला गेला की पुढचे दोन महिने कुणी प्रॅक्टिकल वागत नाही, हा अनुभव फ्रिजपासूनचा आहे.

मुळात गाडी कशाला हवी, हे विचारणारा मी एकटाच मामा निघालो. भाचा इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. ऑगस्ट २०२५ मध्ये आर. व्ही. रोडवरून पिवळी मेट्रो सुरू झाली, ती त्याला थेट ऑफिसाकडे नेऊन सोडते. हिरवी मेट्रो तर जयनगरात २०१७ पासून आहे. फोर्थ ब्लॉकच्या बाजारात भाजीपासून पाळण्याच्या दोरीपर्यंत सगळं मिळतं आणि तिथवर चालत जाता येतं. हॉस्पिटल एवढं जवळ की रिक्षावाले “मीटर मेले” म्हणजे मीटरच्या वर काहीतरी जादा मागतात, कारण मीटरवर त्यांना चहाही सुटत नाही.

माझं म्हणणं ऐकून घेतलं गेलं, पण त्याला उत्तर मोठ्या माणसाकडून आलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार यांनी इथल्या नियोजित बोगद्याच्या रस्त्याचं समर्थन करताना सांगितलं की गाडी ही आता सामाजिक गरज आहे, गाडी नसलेल्या मुलाला लोक मुलगी द्यायला तयार होत नाहीत. त्यावर आमचे, म्हणजे बंगळूर दक्षिणचे, खासदार तेजस्वी सूर्या यांनी टोमणा मारला की बोगदा वाहतुकीसाठी आहे असं आपण समजत होतो, तो लग्नं जमवण्यासाठी आहे हे आत्ता कळलं. माझा भाचा या हिशेबाने नियमबाह्यच निघाला. स्कूटरवर त्याचं लग्न जमलं, आणि ही चूक पुढच्या पिढीच्या वेळी तरी सुधारावी असं त्याला वाटत असेल तर दोष कुणाला द्यायचा?

मग पुण्याहून भाऊजी, म्हणजे भाच्याचे वडील, व्हिडिओ कॉलवर आले. त्यांचा पहिला प्रश्न, “अ‍ॅव्हरेज किती देते?” दुसरा, “पत्रा जाड आहे का?” भाच्याने सांगितलं, पत्र्याच्या जाडीपेक्षा आतला सांगाडा महत्त्वाचा असतो. भाऊजी म्हणाले, “दार लावून दाखव.” फोनवरून दाराचा ‘धप्प’ असा आवाज ऐकून त्यांनी दोन गाड्या नापास केल्या. तिसरा मुद्दा त्यांच्या खास जिव्हाळ्याचा. महाराष्ट्रात याच गाडीवर बारा टक्के टॅक्स, म्हणजे एक लाख ब्याण्णव हजार. “पुण्यात पासिंग करा, एमएच-१२ लावा, लाखभर वाचतील, त्यात बारसं होईल.” दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर नोंदणी बदलावी लागते आणि बाहेरच्या पाट्या हुडकणारे इथे रस्त्यावर उभे असतात, हे त्यांना सांगून झालं. “मग अकरा महिन्यांनी घेऊन या की पुण्याला,” हे त्यांचं उत्तर. बाळाच्या पहिल्या वाढदिवसाच्या महिनाभर आधी साडेआठशे किलोमीटर गाडी हाकायची, ती पाटीला बाहेरची हवा लागावी म्हणून.

ताईचा निकष गुडघे. गाडी एवढी उंच हवी की बसताना वाकायला नको आणि एवढी बुटकी हवी की चढायला नको. विहीणबाई बेळगावच्या, त्यांना डिकी बघायची आहे. बाळंतपणाला येताना त्या डिंकाचे लाडू, अळीव, खारीक-खोबरं, बाळंतिणीची शेगडी आणि दुपट्यांची गाठोडी आणणार. हे सगळं राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने येणार आहे आणि स्टेशनवरून रिक्षाने येणार आहे, हे कुणी लक्षात आणून दिलं की त्या म्हणतात, “परत जाताना?”

डिकीची गोष्ट तशी साधी नाही. आपल्याकडे गाडीचं माप कुटुंबाने ठरवलेलं नाही, अर्थमंत्र्यांनी ठरवलं आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांना अबकारीत सवलत मिळाली आणि कंपन्यांनी टेप काढून गाड्या मोजायला घेतल्या. स्विफ्ट डिझायर २००८ मध्ये आली तेव्हा चार मीटरच्या वर होती. २०१२ च्या अवतारात तिची मागची बाजू छाटून ३,९९५ मिलिमीटर केली. शोरूममध्ये आज निम्म्या गाड्यांची लांबी विचारा, ३,९९५ हाच आकडा येईल. सप्टेंबर २०२५ पासून तर हिशेब आणखी ठळक झाला. चार मीटरच्या आत आणि पेट्रोलचं इंजिन १,२०० सीसीपर्यंत असेल तर जीएसटी १८ टक्के, नाहीतर ४०. म्हणजे बाबागाडीची चाकं डिकीत मावत नसतील तर ती शासनाच्या धोरणापायी मावत नाहीत. बाबागाडी मात्र परदेशी धाटणीची, ती चार मीटरचा कायदा जुमानत नाही. भाचा शोरूममध्ये ती घेऊन गेला आणि डिकीत आडवी, उभी, तिरकी घालून बघितली. चौथ्या गाडीत ती बसली, पण झाकण लागेना. सेल्समनने आपली मूळ बंगळुरी सूचना केली, “सार, स्वल्प अडजस्ट माडि.”

गाडीच्या मापाची गोष्ट निघाली म्हणून आठवलं, मुलांच्या मापाची मागची सीट असलेली गाडी याच शहराने काढली होती. २००१ ची रेवा. दोन दारं, पुढे दोन मोठी माणसं, मागे दोन लहान मुलं, विजेवर चालणारी. लंडनमध्ये ती जी-विझ नावाने फिरली. इथल्या लोकांनी तिच्याकडे बघून हसून घेतलं आणि मोठ्या गाडीच्या रांगेत जाऊन उभे राहिले. मीही हसलो होतो, पण माझ्याकडे तेव्हा गाडी घ्यायचे पैसे नव्हते, त्यामुळे ते हसणं मोजू नये.

भाच्याला स्वतःला हवा आहे सनरूफ. गाडीच्या छताला खिडकी, आणि तिच्यासाठी वरच्या व्हेरियंटचे लाखभर जादा. कशासाठी? “बाळाला आकाश दिसेल, मामा.” पहिले काही आठवडे बाळाला आईच्या चेहऱ्यापलीकडचं धड दिसत नाही, हे त्याच्याच मोबाइलमधल्या अ‍ॅपने त्याला सांगितलेलं आहे. शिवाय जयनगरात आकाश दिसायला वरती झाडं नकोत. आमच्या गल्लीत गाडी उभी केली तर सनरूफमधून पानगळ, फुलगळ आणि कावळा, या क्रमाने दर्शन होईल. पुढे मूल तीन वर्षांचं झालं की त्याच खिडकीतून त्याला उभं करून मिरवायचं, ही या शहरातली नवी रीत. पोलीस दंड करतात, आणि आईबाप पोलिसांना म्हणतात, “बच्चा एन्जॉय करतोय.”

या सगळ्यात ज्याच्या नावाने हा घाट घातला आहे, त्या तीन किलोंच्या प्रवाशाची डायरी कुणी उघडून बघितली नाही. मी बघितली. जन्मल्यावर बीसीजी, ती हॉस्पिटलातच. मग सहा आठवडे, दहा आठवडे, चौदा आठवडे, प्रत्येक वेळी लस. सव्वा महिना आई उंबऱ्याबाहेर जाणार नाही असं दोन्ही आज्यांनी आधीच ठरवलं आहे. साडेतीन महिन्यांत प्रवास म्हणजे हॉस्पिटलातून घरी आणि लसीच्या तीन खेपा. तेही हॉस्पिटलापर्यंत, जिथे रिक्षावाल्याला चहा सुटत नाही.

सेल्समन मात्र शून्य ते शंभर किती सेकंदांत, हे सांगत होता. टॉमटॉमच्या २०२४ च्या वाहतूक अहवालात बंगळुरात दहा किलोमीटर जायला सरासरी ३४ मिनिटं १० सेकंद लागतात. ताशी साडेसतरा किलोमीटर. शून्य ते साडेसतरा किती सेकंदांत, ते सांगा म्हटलं, तर त्याने मॅनेजरला बोलावलं. हाच अहवाल मी भाऊजींना पाठवला होता. त्यात पुणं ३३ मिनिटं २२ सेकंदांवर आहे. भाऊजींचा लगेच फोन आला, “बघा, अठ्ठेचाळीस सेकंदांनी आम्ही पुढे.”

आता मूळ मुद्दा. बाळाला गाडीत लागतं ते फक्त एक, मागच्या सीटवर उलट्या तोंडाने घट्ट बसवलेली बेबी सीट. पंधरा-वीस हजारांत बरी मिळते, सनरूफच्या पाव किमतीच्या आत. कायदाही बोलतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातल्या १९४-ब कलमाप्रमाणे चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालसीट नसेल तर हजार रुपये दंड. ती पावती फाडलेली मी तरी बघितलेली नाही. पन्नासच्या वेगाने गाडी आदळली तर चार किलोचं बाळ धरणाऱ्या हातांवर शंभर किलोच्या आसपास भार येतो. एवढं वजन उचलणारी आजी आमच्या दोन्ही घराण्यांत नाही. पण सीटचा विषय निघाला की दोघींचं एकमत. “सीट कशाला? मांडी आहे की!” मी म्हटलं, भारत एनकॅपच्या चाचणीत दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलांचे पुतळे ठेवतात, तेही बालसीटमध्ये बांधून. मांडीवर बसवून आदळत नाहीत, कारण आजीचा पुतळा त्या चाचणीत नसतो. विहीणबाई म्हणाल्या, “पुतळ्याला काय कळतंय? पुतळा रडतो का?”

शेवटी बुकिंगच्या दिवशी कागदावर बेबी सीट होती. मग घासाघीस सुरू झाली. मॅट, सीटकव्हर, दाराच्या काठाला क्रोमची पट्टी, अत्तराची बाटली, डॅशबोर्डवर चिकटवायचा गणपती, असं एकेक वाढत गेलं आणि बजेटची रेघ ओलांडली. काहीतरी कमी करायला हवं होतं. सेल्समनने पेन काढून सगळ्या यादीतली एकच ओळ खोडली, आणि कुणी हरकत घेतली नाही. सनरूफ राहिला.

राहता राहिली पार्किंगची जागा. मे २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहनमंत्र्यांनी सांगितलं होतं की पार्किंगचा दाखला नसेल तर नव्या गाडीची नोंदणी करायची नाही. तसा दाखला इथे आम्हाला मागितला तर सही समोरच्या अंकलची घ्यावी लागेल. त्यांच्याकडे गाडी नाही, पण घरासमोरचा सगळा रस्ता त्यांनी कुंड्या मांडून धरून ठेवला आहे. वर कन्नड आणि इंग्रजीत पाटी: नो पार्किंग, चाकाची हवा सोडली जाईल. या एका पाटीमुळे पुण्याच्या भाऊजींना बंगळूर पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं. भाच्याने बरेच दिवस अंकलशी गोड बोलून, त्यांच्या नातवाला मेट्रोत फिरवून आणून, तीन कुंड्यांची जागा मिळवली. मापून घेतली तर चार मीटर आणि वीतभर. चार मीटरच्या कायद्याचा त्याला प्रथमच खराखुरा उपयोग झाला.

भाचेसून या सगळ्या दिवसांत फारशी बोलली नव्हती. पाय सुजलेले, तिला कुठल्याच गाडीत नीट बसता येत नव्हतं. गाडी यायच्या आठवडाभर आधी एक मोठं खोकं घरी आलं. तिने स्वतःच्या पगारातून बेबी सीट मागवली होती. गाडी आली, रागीगुड्ड्याच्या मारुतीसमोर पूजा झाली, चाकाखाली लिंबं चिरडली आणि तिने मागच्या सीटच्या मधोमध ती सीट बसवून टाकली. सीट ऐसपैस. तिच्या एका बाजूला ताई बसली, तर दुसऱ्या बाजूला उरलेल्या जागेत विहीणबाईंनी बसून बघितलं, आणि मग उतरून बघितलं.

“पण मग मी कुठं बसायचं?”

पाच माणसांची गाडी तीन किलोंनी चार माणसांची करून टाकली होती. भाऊजी व्हिडिओ कॉलवर हे सगळं बघत होते. ते शांतपणे म्हणाले, “मी तर आधीपासून म्हणत होतो, सात सीटर बघा. सनरूफसकट मिळते.” भाच्याने तिथेच फोनवर सात सीटरची लांबी शोधली आणि मोठ्याने वाचली. साडेचार मीटरच्या वर.

समोरच्या गच्चीवरून अंकल ऐकत असावेत. संध्याकाळी बघितलं तर फाटकाबाहेर दोन कुंड्या जास्तीच्या आल्या होत्या.