शून्य संदर्भांच्या शिल्पकारास

श्री. रा. रा. शिल्पकारमहाशय यांस,
सा. न. वि. वि.

आपलं नाव मुद्दाम लिहीत नाही. गिट ब्लेममध्ये ते ओळीओळीला आहेच, आणि आमच्या टीममध्ये हल्ली त्याचं क्रियापद झालंय. कुणी कोडमध्ये काही पुरून ठेवलं की त्यानं ‘तसं केलं’ म्हणतात, आणि ‘तसं’च्या जागी आपलं आडनाव येतं.

आपण इथून गेलात त्याला तीन वर्षं झाली. निरोपाचा केक मीच कापून वाटला होता. नोटीस पीरियडमध्ये आपण आम्हाला चार दिवस केटी, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, दिलीत. त्यातले साडेतीन दिवस कुठल्या फोल्डरमध्ये काय आहे हे सांगण्यात गेले. उरलेल्या अर्ध्या दिवशी ‘बाकी कोड सेल्फ एक्स्प्लनेटरी आहे’ असं म्हणून आपण जेवायला गेलात, ते परतलातच नाही. त्या सेल्फ एक्स्प्लनेटरी कोडनं मला जे एक्स्प्लेन केलं, ते आपल्या कानावर घालावं म्हणून हा पत्रप्रपंच.

गेल्या ऑक्टोबरात माझ्या नावावर टिकेट पडलं: ‘पेरोल मॉड्यूल, डेड कोड क्लीनअप’. दिवाळीआधी माळा झाडायला काढतात, तसलंच काम. आपण पाहिलं असेल, माळ्यावरची वस्तू टाकायच्या आधी आई घरभर ओरडून विचारते, ‘हे कुणाला लागतंय का रे?’ कोणी ओ दिली नाही की ती वस्तू बोहारणीकडे जाते. जावाच्या आयडीईत ही हाक मारायला ऑल्ट-एफ7 दाबावं लागतं. मेथडच्या नावावर कर्सर ठेवायचा, कळ दाबायची. ज्या ज्या ठिकाणाहून तिला बोलावणं येतं त्या सगळ्यांची यादी खाली उघडते. मी कर्सर ठेवला ‘पीटी_फेब’ या आपल्या मेथडवर. उत्तर आलं: नो यूसेजेस फाउंड. मेथड प्रायव्हेट होती, म्हणजे क्लासचा उंबरा ओलांडून तिच्यापर्यंत कुणी येण्याचा प्रश्न नाही. आयडीईनं तर ती आधीच राखाडी करून ठेवली होती, पिकलं पान असावं तशी. मी ती काढली. बिल्ड हिरवा, टेस्ट हिरव्या, पीआरवर दोघांचे अंगठे. ऑक्टोबरचा पगार बरोबर, नोव्हेंबरचा बरोबर, डिसेंबर, जानेवारी बरोबर.

फेब्रुवारी कसा गेला हे आम्हाला मार्चमध्ये कळलं.

व्यवसाय कर, ज्याला पगारपत्रकात सगळे पीटी म्हणतात, तो आपणही भरता. तेव्हा हिशेब ठाऊक असेलच. राज्यघटनेच्या 276व्या कलमानं या कराला वर्षाला 2500 रुपयांची मर्यादा घातली आहे. आपल्या महाराष्ट्रात पुरुषांचा पगार दहा हजारांच्या आणि बायकांचा पंचवीस हजारांच्या वर असला की दरमहा 200 रुपये कापतात. बारा महिन्यांचे होतात 2400. उरलेले शंभर सरकार सोडत नाही, म्हणून फेब्रुवारीत 300. वर्षातून एकदा, अठ्ठावीस दिवसांच्या महिन्यात, कोट्यवधींच्या पेरोल सॉफ्टवेअरला शंभर रुपयांची आठवण ठेवावी लागते. आपल्या ‘पीटी_फेब’ला एवढंच काम होतं. वर्षातले अकरा महिने ती झोपलेली, आणि बाराव्या महिन्यात उठून शंभर रुपये मागणारी.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात क्लायंटच्या अकाउंट्समधल्या ताईंचा फोन आला. ‘दादा, 312 माणसांचे माणशी शंभर कमी कापलेत. 31,200 रुपये. चलन मी आधीच्या आकड्यानं भरलंय, आता हे कोण भरणार?’ आवाजात राग नव्हता. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

लॉग उघडला, तर त्यात काहीच नाही. एक्सेप्शन नाही, वॉर्निंग नाही. मग ‘पीटी_फेब’ हा शब्द सगळ्या रिपॉझिटरीत शोधला. मी ती काढल्याचा कमिट सोडला तर कुठेही नाही. नुसतं ‘_फेब’ शोधलं, तेही नाही. जी मेथड कुणी बोलावत नव्हतं ती गेल्याबरोबर शंभर रुपये गेले, म्हणजे कुणीतरी बोलावत होतं. शेवटी रात्री साडेअकराला, ‘नो सच मेथड’ हे एक्सेप्शन जिथे कुठे उडेल तिथे प्रोग्राम थांबव, असा ब्रेकपॉइंट लावला आणि फेब्रुवारीचा पगार टेस्ट सर्व्हरवर पुन्हा चालवला. थांबला. आपल्या ‘युनिव्हर्सलरूलइंजिन’ नावाच्या क्लासमध्ये थांबला.

महाराज, त्या ओळीचं दर्शन मला अजून स्वप्नात होतं. डेटाबेसच्या टेबलातून एक उपसर्ग उचलायचा, त्याला एक अंडरस्कोअर चिकटवायची, पुढे महिन्याची अक्षरं जोडायची, आणि या तुकड्यांतून जे नाव तयार होईल त्या नावाची मेथड रिफ्लेक्शननं, म्हणजे चालत्या प्रोग्राममध्ये नुसत्या नावावरून, शोधायची. मेथड प्रायव्हेट आहे ना? मग आधी ‘सेटअ‍ॅक्सेसिबल ट्रू’, म्हणजे कुलूप आपणच लावायचं आणि किल्ली आपणच दगडाखाली ठेवायची. मेथड सापडली तर चालवायची. नाही सापडली तर? कॅच ब्लॉकमध्ये एकच ओळ: 200 परत करा. एक्सेप्शन हाच आपला सरळ मार्ग होता. अकरा महिने, दर महिन्याला 312 वेळा, ते एक्सेप्शन उडत होतं आणि आपण त्याला तिथल्या तिथे पुरत होतात. फेब्रुवारी हा एकच महिना असा, की ज्यात आपला कोड पडत नव्हता. मी तोही पाडला आणि वर्षात एकसूत्रीपणा आणला.

कुणी म्हणेल, रिफ्लेक्शन काय आपण शोधून काढलंत? नाही. फेब्रुवारी 1997 मध्ये जावा 1.1 बरोबर ते आलं, आणि त्यावाचून आमचं पान हलत नाही. स्प्रिंग, हायबरनेट, सगळे त्यावरच जेवतात. पण ते जेवतात पंक्तीत बसून. केंट बेक आणि एरिक गामा यांच्या जेयुनिटचंच घ्या. जुन्या जेयुनिटमध्ये ‘टेस्ट’ या शब्दानं सुरू होणाऱ्या मेथड रिफ्लेक्शननं शोधल्या जात. नावावरूनच, अगदी आपल्यासारखं. फरक इतकाच की तो नियम जगजाहीर होता आणि तशी मेथड बघताच समोरच्याला कळायचं, हिला कोणीतरी बोलावणार आहे. 2006 च्या जेयुनिट 4 मध्ये तर मेथडच्या डोक्यावर अ‍ॅनोटेशनचा टिळाच लावायला सांगितलं. टिळा बघून आयडीईही गप्प बसतो, राखाडी करत नाही. आपल्या मेथडवर टिळा सोडा, दोन शब्दांची कॉमेंटही नव्हती.

माझा एक मित्र स्मॉलटॉकचा भक्त आहे. ही हकीकत ऐकून त्यानं सहानुभूती दाखवायच्या ऐवजी लॅपटॉप उघडला. पालो आल्टोच्या झेरॉक्स पार्कमध्ये अ‍ॅलन के, डॅन इंगल्स, अ‍ॅडेल गोल्डबर्ग या मंडळींनी जे स्मॉलटॉक घडवलं, त्याचंच आजचं एक रूप, फारो, त्या लॅपटॉपवर चालू होतं. कुठल्याही मेथडवर जा आणि विचारा: सेंडर्स कोण, म्हणजे हा निरोप कोण कोण पाठवतं, आणि इम्प्लिमेंटर्स कोण, म्हणजे या नावाला कोण कोण ओ देतं. फील्डवर जा आणि विचारा, याला हात कोण लावतं. आज आपण ऑल्ट-एफ7 दाबून जे करतो ते ही मंडळी स्मॉलटॉक-80 मध्ये करत बसली होती. मित्र म्हणाला, ‘आमच्याकडेही नाव देऊन निरोप धाडायची सोय आहे, परफॉर्म म्हणून. पण नाव सिम्बॉलच्या रूपात कोडमध्ये अख्खं लिहिलं असेल तर सेंडर्सच्या यादीत तेही येतं.’ म्हणजे मागच्या दारानं घुसणाऱ्याची चप्पल तरी दारात दिसते. आपण तर चप्पलही डेटाबेसमध्ये ठेवून आलात.

आणि हे मेथडपुरतंच असतं तर मी पत्र लिहिलं नसतं, नशिबाला बोल लावून गप्प बसलो असतो. पण आपल्या फील्डचंही तेच. एम्प्लॉयी क्लासमध्ये एरिअर्स नावाचं एक फील्ड आहे. फील्डच्या बाबतीत आयडीई आणखी बारकाईनं सांगतो: वाचलं कुठे आणि लिहिलं कुठे. या फील्डचं उत्तर असं: वाचलं 14 ठिकाणी, लिहिलं 0 ठिकाणी. चौदा जण रोज त्या विहिरीचं पाणी पितात आणि विहिरीला झरा नाही. तरी विहीर भरलेली! एचआरकडून जी एक्सेलची फाइल येते, तिच्या पहिल्या ओळीतला प्रत्येक मथळा आपण फील्डचं नाव म्हणून वापरता आणि रिफ्लेक्शननं त्या नावाच्या फील्डमध्ये खालचा आकडा कोंबता, हे कळायला आम्हाला दोन दिवस आणि एक ट्रेनी लागली. त्या पोरीनं बिचारीनं काय केलं? इंग्रजी स्पेलिंगमधला एक आर आपण खाल्ला होता, तो तिनं रीनेम करून परत घातला. आयडीईनं चौदाही जागा चोख बदलल्या. एक्सेलमधला मथळा मात्र तुमच्याच स्पेलिंगशी एकनिष्ठ राहिला. त्या महिन्यात कुणालाच एरिअर्स मिळाले नाहीत. शुद्धलेखनाची एवढी रोख शिक्षा शाळेतही कधी बघितली नव्हती.

मध्यंतरी वाटलं होतं, आपल्याला आता कायदाच धरेल. 2021 मध्ये आलेल्या जावा 17 नं स्वतःच्या पोटातल्या खासगी क्लासांत असं रिफ्लेक्शननं घुसणं बंद केलं. आता तिथे गेलात तर दारावरच एक्सेप्शन. पण ते जावाच्या स्वतःच्या घरापुरतं. आपल्याच प्रोजेक्टच्या साध्या क्लासपाथवर आपलीच प्रायव्हेट मेथड आपण उघडली तर जावा काही बोलत नाही. घरातल्या भांडणात पोलीस पडत नाहीत.

मॅनेजर म्हणतात, मग डेड कोड काढायचाच कशाला? राहू दे पडून, खातोय का काय? खातो ना. 1 ऑगस्ट 2012 रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीत ‘पॉवर पेग’ नावाचा, 2003 पासून वापरात नसलेला कोड उठून बसला. नव्या कामाला जुनाच फ्लॅग लावला होता, आणि आठांपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहिला होता. पाऊण तासात 46 कोटी डॉलरहून जास्त पैसे गेले आणि पाठोपाठ कंपनीही दुसऱ्याच्या हातात गेली. म्हणजे ठेवला तरी मरण. काढायचा तर आधी ‘तुला कोण बोलावतं’ या प्रश्नाला खरं उत्तर मिळायला हवं. आपण त्या प्रश्नालाच खोटं बोलायला शिकवलंत. आता आमच्या टीममध्ये ‘शून्य संदर्भ’ दिसले की पोरं मेथड काढत नाहीत, तिच्यावर कॉमेंट लिहितात: ‘कदाचित वापरात असेल, हात लावू नये.’ देवळाबाहेरच्या पाट्यांसारख्या अशा पाट्या आमच्या पेरोलमध्ये आज एकोणचाळीस आहेत. मोजल्यात.

चूक माझीही आहे, ती कबूल करतो. सेफ डिलीटच्या खिडकीत ‘स्ट्रिंग आणि कॉमेंटमध्येही शोधा’ असा एक चौकोन असतो. त्यात मी टिक केली नव्हती. केली असती तरी आपण नावाचे तुकडे करून डेटाबेसमध्ये पुरल्यामुळे काही सापडलं नसतं, पण मनाला समाधान असतं. आणि टेस्ट आजच्या तारखेवर चालतात, फेब्रुवारीच्या नाही, हे लक्षात यायला माझीही बारा वर्षांची नोकरी पुरली नाही. 31,200 रुपये मार्चच्या पगारातून कापून घेतले. क्लायंटच्या 312 जणांना एक पत्र गेलं, ‘तांत्रिक कारणामुळे’. तांत्रिक कारण म्हणजे आपण आणि मी.

आपल्या त्याच इंजिनला आपण इथे असताना ‘स्टार ऑफ द क्वार्टर’ मिळाला होता. ‘नवा नियम आला तरी कोडला हात लावायला नको’ हे आपलं वाक्य स्लाइडवर होतं. आपण शब्दाला जागलात. हात लावायची हिंमत आता कुणालाच होत नाही.

कळावे, लोभ आहेच, त्यात वृद्धी व्हावी.

आपला,
पेरोल मॉड्यूलचा सध्याचा राखणदार

ता. क. : एक शंका राहिली. उपसर्गांचं जे टेबल आहे त्यात महिन्यांच्या ओळी तेरा आहेत. जानेवारी ते डिसेंबर बारा, आणि शेवटची ‘एसपीएल’. दुष्काळात तेरावा महिना ऐकून होतो, टेबलात पहिल्यांदाच पाहिला. क्लासच्या तळाशी ‘पीटी_एसपीएल’ नावाची चाळीस ओळींची प्रायव्हेट मेथडही आहे. राखाडी, शून्य संदर्भ. ही कधी उठते? अधिक महिन्यात? निवडणुकीच्या वर्षी? व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी टाकल्या तरी चालेल. तोवर चाळिसावी पाटी लिहायला घेतोय.