मागेच वाजव बाबा!

लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधली 'प्रॉम्स' या संगीत महोत्सवाची शेवटची रात्र म्हणजे साहेबाची विसर्जन मिरवणूकच. झेंडे, फुगे, पिपाण्या आणि शेवटी सगळ्यांनी गळा काढून म्हटलेली देशभक्तीची गाणी. १६ सप्टेंबर १९९५ च्या रात्री या जत्रेत जॉन हार्ल सॅक्सोफोन घेऊन उभा राहिला. शेजारी जॅझ ड्रमर पॉल क्लार्विस, मागे बीबीसीचा सिंफनी ऑर्केस्ट्रा आणि समोर हॅरिसन बर्टविसल यांची कोरी करकरीत रचना, 'पॅनिक'. नाव ग्रीकांच्या पॅन देवावरून. त्याचं वाजवणं ऐकून म्हणे रानातली जनावरं बिथरत.

अठराएक मिनिटं सॅक्सोफोन किंचाळला, ड्रम तडतडले. टीव्हीसमोरची जनताही बिथरली. बीबीसीचे फोन तक्रारींनी तापले. दरवर्षी पिपाण्यांचा जल्लोष कौतुकानं बघणाऱ्यांना त्या रात्री 'गोंगाट' हा शब्द आठवला.

हार्ल काही हौशी गडी नव्हता. ड्यूक एलिंग्टनच्या रचनांवर त्यानं 'द शॅडो ऑफ द ड्यूक' हा अल्बम केला होता, मायकेल नायमनच्या बँडमध्ये वाजवलं होतं. जॅझ आणि अभिजात अशी दोन घरं सांभाळणारा वादक बहुधा पेटीत दोन माउथपीस बाळगतो. जॅझसाठी मोठ्या फटीचा, खरखरीत आवाज मोकळा सोडणारा; मैफलीच्या हॉलसाठी अरुंद, आवाज आवरून धरणारा. खालचा ओठ एकीकडे सैल, दुसरीकडे दातांवर दुमडलेला. माउथपीसवरची पातळ पट्टी, म्हणजे रीड, ओली करायला तोंडात धरून गप्प बसणं मात्र दोन्हीकडे सारखंच.

एवढं करूनही बिचाऱ्या सॅक्सोफोनला अभिजात संगीताच्या पंगतीत पाट नाही. बॉस्टनच्या एलिझा हॉल बाईंनी पैसे मोजून फ्रेंच संगीतकार द्यबुसीकडून सॅक्सोफोनसाठी रचना मागवली. साहेबांनी पैसे घेतले आणि वर्षानुवर्षं टाळाटाळ केली. १९१८ मध्ये ते वारले तरी वाद्यवृंदाचं काम बाकीच! ते शेवटी रोजे-द्यूकास यांनी निस्तरलं.

खरी गोम वेगळीच आहे. सॅक्सोफोन मागे वाजत असला की कुणाचीच हरकत नसते. हॉटेलात सूप भुरकताना चालतो, सिनेमात नायिका भिजताना चालतो, आपल्या वरातीत तर वरबापाच्या नाचापुढे तो बेसूर झाला तरी कळत नाही. पुढे येऊन 'आता माझं ऐका' म्हणाला, की मात्र उद्धट.

पुढे याच हार्लनं रचलेली एक धून बीबीसीच्या 'सायलेंट विटनेस' या गुन्हेतपासाच्या मालिकेला लागली. लोकांनी ती वर्षानुवर्षं घरात बसून निमूट ऐकली. ती गोड आहे, हे मान्य. शिवाय तिच्यामागोमाग पडद्यावर एक प्रेत येतं. मग संगीताकडे लक्ष द्यायची सक्ती नसते.