हुमणी इथेही आहे, आप्पा

एडिसन, न्यू जर्सी
20 सप्टेंबर

ती. आप्पा व सौ. आईस,


कुकर लावलाय, तेवढ्यात लिहायला बसले. काल आईचा रडवेला फोन आला, की सुमीच्या घराला वाळवी लागलीय म्हणे, घर आता पडतंय. बातमी कुठून निघाली ते सांगायला नकोच. मे महिन्यात मी बेबीआत्याला सहज बोलले होते, की खिडकीत पंखवाल्या मुंग्या निघाल्यात. तुमच्यापर्यंत पोचेतो मुंग्यांची वाळवी झाली. दिवाळीपर्यंत अजगर होईल.

आई, त्या मुंग्याच होत्या. एक पकडून काचेच्या वाटीत घातली आणि ईशानच्या भिंगातून नीट पाहिली. मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरात वाकलेल्या, पुढचे पंख मोठे नि मागचे लहान. पंखवाल्या वाळवीला कंबर अशी नसतेच, मिशा सरळ आणि चारही पंख एका मापाचे. या सुतारमुंग्या लाकूड खात नाहीत, पोखरून आत राहतात आणि भुसा बाहेर टाकतात. पन्हळीखालची ओली फळी बदलली, विषय मिटला. आत्याला एवढंच सांग, "कंबर बारीक होती." पटणार नाही, पण राग नक्की येईल.

खरी पीडा अंगणात आहे. आमच्या सोसायटीत गवत हिरवंच पाहिजे असा नियम आहे. उंची ठरलेली, रंग ठरलेला. हे गवत आम्ही विकत नाही, खात नाही, म्हशीला घालत नाही. उलट दर शनिवारी तुमचे जावई ते कापून पिशव्या भरतात. ऑगस्टअखेर त्यात तपकिरी डाग पडले, आणि लगेच पत्र आलं: 14 दिवसांत डाग घालवा, नाहीतर 50 डॉलर दंड. वर "प्रिय रहिवासी", खाली शुभेच्छा! तात्याकाकांच्या उकिरड्याला आपल्या ग्रामपंचायतीने इतकं प्रेमाने कधी लिहिलंय का?

गवताच्या कंपनीचा माणूस आला. खाली वाकलासुद्धा नाही. उभ्याउभ्या 420 डॉलर म्हणाला. आप्पा, पाच गुंठे गवत, आणि पस्तीस हजार रुपये! मी त्याला चहा दिला होता, त्याचं अजून वाईट वाटतंय.

तो गेल्यावर मी गवत मुठीत धरून ओढलं, तर सतरंजी उचलावी तसं उठून आलं. मुळंच नव्हती. खाली पांढऱ्या, जाड, वाकून बसलेल्या अळ्या. तपकिरी डोकं, पुढे सहा पाय, आणि मागच्या टोकाला कातडीतून आतली काळी माती दिसते. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. मी फोन अळीसमोर धरला आणि तुम्ही अंथरुणावरून उठून म्हणालात, "अगं, ही हुमणी! एका फुटात किती आहेत मोज." एका चौरस फुटात 14 निघाल्या. इथले जाणकारही दहाच्या आसपास गेल्या की औषध करा म्हणतात. म्हणजे पस्तीस हजारांचं निदान तुम्ही फुकटात, झोपेतून उठून केलंत.

अर्थात आपली नव्हे, ही तिची जपानी चुलतबहीण. शेपटाकडचे बारीक केस भिंगाखाली इंग्रजी व्हीच्या आकारात दिसले की तीच समजायची. जुलैत हिचे हिरवे, तांबूस पंखांचे भुंगे माझ्या गुलाबाच्या पानांची चाळण करत होते, तेव्हा सई त्यांना "दागिने" म्हणायची. 1916 साली ही कीड अमेरिकेत पहिल्यांदा सापडली ती आमच्याच राज्यात, रिव्हरटनच्या एका रोपवाटिकेत. एवढी शंभर वर्षांची वतनदार, पण सोसायटीची नोटीस मला.

तुम्ही मेटारायझियम बुरशी वापर म्हणालात, पण मला आधी सूत्रकृमी मिळाले. हुमणी मारायला दुसरे किडे, तेही विकत! ते थंडीत ठेवावे लागतात, म्हणून फ्रीजमध्ये श्रीखंडाच्या डब्याशेजारी ठेवले. जावयांनी तेव्हापासून श्रीखंड सोडलंय. उन्हात मरतात, म्हणून तिन्हीसांजेला पाणी मारून पंपाने फवारले.

फवारताना वळवाच्या रात्री आठवल्या. तुम्ही कडुनिंबाची फांदी आकडीने हलवायचा, भुंगेरे टपटपायचे, मी बॅटरी धरून, दादा रॉकेलच्या पाण्याची बादली घेऊन, आणि आई सोप्यातून ओरडतेय, की भाकरी गार झाली. त्या बादलीचा वास मला तेव्हा किती नकोसा व्हायचा. परवा फोनवर तुम्ही अळीकडे बघत होता, मी तुमच्याकडे. आप्पा, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलीय. केव्हापासून? गवताचे वाचलेले पैसे दादाच्या खात्यावर टाकलेत. नवा करा. "कारखान्याचं बिल आल्यावर बघू" चालणार नाही.

इथे हल्ली दिसेल तो ठिपकेवाला लँटर्नफ्लाय किडा चिरडायचा, असं सरकारच सांगतं. 2014 ला पेनसिल्व्हेनियात सापडला, आता आमच्याकडे भिंतीभिंतींवर. परवा तुमचे जावई लग्नाला जाताना नव्या बुटांनी गाडीतळावर नाचत होते. आजी मुंग्यांना साखर घालायची हे मी सईला अजून सांगितलेलं नाही.

बंड्याच्या बायकोला वेगळं स्वयंपाकघर हवंय, तर त्यात तिचं काय चुकलं? काकूच्या हाताखाली मी चार दिवस काढलेत. विहिरीच्या मोटारीवरून तात्याकाकांशी मात्र भांडू नका, दसऱ्याला तेच सोनं द्यायला पहिले येतात. आई, कुसुममावशीच्या डोळ्याचं काय झालं ते फोनवर सांग.

तुमची,
सुमी

ता. क. पार्सल पोचलं. शेंगदाण्याची चटणी फुटून वहिनीच्या चिठ्ठीवर सांडली होती. ईशानने चिठ्ठी आधी चाटली, मग वाचली.