कागदोपत्री अस्तित्व
वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात दाखल होणाऱ्या महाराष्ट्रीय विद्यार्थ्याची धास्ती बहुधा थंडीची असते. परंतु तिच्याहून दक्षतेने सांभाळावे लागते ते स्थलांतर-पत्र, म्हणजे सीमेवर मिळणारा प्रवेशनोंदीचा चिटोरा, कारण त्याच्या आधारे यजमान संस्थेने कामकाजाच्या 7 दिवसांत निवासनोंदणी केली नाही, तर वसतिगृहात सदेह घोरणारा विद्यार्थी शासनाच्या लेखी तेथे नसतोच. 1932 साली सुरू झालेली ‘प्रोपिस्का’, अर्थात राहत्या जागेची सोव्हिएत परवानगी, 1993 मध्ये कायद्याने संपली, सवय (ती थोडीच कायद्याला विचारून जाते?) टिकून राहिली. बोटांचे ठसे आणि वैद्यकीय तपासणी यथावकाश होतेच. मात्र मार्च 2022 पासून परदेशी व्हिसा व मास्टरकार्ड तेथे चालत नसल्याने वडिलांनी कौतुकाने दिलेले कार्ड शरीरशास्त्राच्या पुस्तकात खूण म्हणून उपयोगी पडते.