कूलरच्या पंपासाठी सविनय अर्ज

प्रति,
मा. सर्किट बोर्ड डिझाइन सॉफ्टवेअर,
मुक्काम : माझा लॅपटॉप

विषय : टाकीतलं पाणी संपताच कूलरचा पंप बंद करणारा बोर्ड मंजूर करण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, मी बेसा, नागपूर येथील रहिवासी असून इलेक्ट्रॉनिक्स हा माझा धंदा नाही, हौस आहे. २३ मे २०१३ रोजी आमच्या शहरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, त्यामुळे कूलर म्हणजे चैन असा आपला समज असल्यास तो दूर करावा. टाकी कोरडी पडली की पंप सुका फिरतो आणि जळतो. तेवढं टाळायचं आहे.

सामान मुठीत मावणारं : एक ५५५ आयसी, एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, एक निळी रिले, चार-दोन रेझिस्टर. ब्रेडबोर्डवर हे सगळं निमूट चालतं. मात्र चालणं वेगळं आणि मंजूर होणं वेगळं, हे आपल्या दारात आल्यावर कळलं.

आपली पहिली हरकत : ५५५ च्या पॉवर पिनला वीज कुठून येते, हे सिद्ध होत नाही. अॅडाप्टर लावायचं टर्मिनल काढलेलं होतं, तार जोडलेली होती. पण टर्मिनलमधून वीज येईलच, याची आपल्याला हमी हवी. महावितरणचं बिल जोडावं की काय, या विचारात असताना उपाय समजला. नकाशातल्या त्या तारेच्या रेघेवर ‘इथे वीज आहे’ अशा अर्थाचा एक झेंडा लावायचा. या झेंड्यातून वीज येत नाही, बोर्डावर तो छापलाही जात नाही. तो फक्त फायलीत असावा लागतो. झेंडा लागला आणि आपलं समाधान झालं. साहेब, खरं सांगा, आधी कुठल्या तहसील कचेरीत होतात?

दुसरी अडचण रिलेची. आपल्या लायब्ररीत देशोदेशीच्या रिले पार्ट नंबरसह हजर आहेत. सीताबर्डीच्या दुकानात मात्र ‘बारा व्होल्टवाली, पाच पायांची’ एवढीच तिची ओळख. मग व्हर्नियर घ्या, पाय मोजा, छिद्रांचा नकाशा स्वतः काढा. तेही केलं. तक्रार नाही.

तक्रार आहे ती आपल्या मौनाबद्दल. बीसी ५४७ ची सपाट बाजू समोर, पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. दिसायला तस्साच २एन३९०४ घ्या, क्रम बरोबर उलटा. एकाच्या जागी दुसऱ्याचे पाय गेले तरी आपण चकार शब्द काढत नाही. तीन पाय, तीन छिद्रं, हिशेब जुळला!

आणि रिलेच्या पलीकडे घरची २३० व्होल्टची वीज आहे. बोर्डावरची तिची रेघ १२ व्होल्टच्या रेघेपासून निदान ६ मिमी दूर असावी, असा जाणकारांचा दंडक. आपला मूळ नियम ०.२ मिमीचा. तेवढ्या अंतरावर दोन्ही रेघा शेजारी-शेजारी नेल्या तरी आपला शेरा तोच : त्रुटी शून्य. पुढे कारखाना जर्बर फायलींत, म्हणजे आपण काढून दिलेल्या बोर्डाच्या नकाशात, जे असेल ते मुकाट बनवून देतो. कूलरचा शॉक लागून माणूस दगावल्याची बातमी विदर्भात दर उन्हाळ्यात छापून येते, हे आपल्या कानी घालणं माझं कर्तव्य आहे.

आपण म्हणाल, ‘नियम बदलायची सोय दिलेली आहे.’ दिलेली आहे, कबूल. पण कोणता नियम बदलायचा हे ज्याला ठाऊक आहे, तो आपल्याकडे शिकायला येईल कशाला?

‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ हे मासिक १९६९ पासून निघतं. आपण नव्हतात तेव्हा त्यात सर्किटसोबत बोर्डाचं चित्र खऱ्या मापात छापलेलं असायचं. कार्बन ठेवून ते कॉपर क्लॅडवर उतरवायचं, मार्करनं गिरवायचं आणि फेरिक क्लोराइडच्या पाण्यात हलवत बसायचं. बोटं पिवळी व्हायची, बनियनवरचा डाग बनियनसोबतच जायचा. रेघा मात्र जाड आणि लांब-लांब असायच्या, कारण हाताला बारीक जमायचंच नाही. ते न जमणंच किती जणांना सांभाळून गेलं असेल! आपण ती अडचण दूर केलीत आणि तिच्यासोबत तिचा पहाराही उठवलात.

सबब, नम्र मागण्या :

१) झेंड्याची अट शिथिल करावी.
२) रिले दिसताच ‘पलीकडे घरची वीज आहे का?’ एवढं आधी विचारावं.
३) ‘त्रुटी शून्य’ ऐवजी ‘मला कळतं तेवढ्यात त्रुटी शून्य’ असं लिहावं.

मार्च लागायच्या आत निकाल द्यावा, ही विनंती.

आपला,
एक हौशी अर्जदार, बेसा

प्रत माहितीस्तव : सौ., स्वयंपाकघर (‘दुकानात तयार मिळतो ना तो?’ या तोंडी स्मरणपत्राच्या संदर्भात)