जागा ठरली, गाड्या आणू नयेत

जुन्या गाड्यांच्या क्लबाने बैठक कुठे भरवावी, हा प्रश्न पुण्यातल्या आमच्या फियाटवाल्यांनी कायमचा सोडवला आहे: जिथे गाडी नेता येत नाही, तिथे. उथळ माणसाला हा वेडेपणा वाटेल. पण त्यामागे सबंध उन्हाळाभराची चर्चा आहे.

एखादं मोकळं मैदान घ्या, असं एका तरुण सदस्याने सुरुवातीलाच सुचवलं. वय लहान, म्हणून त्याला माफ केलं. मैदान म्हटलं की गाड्या येणार, गाड्या आल्या की बॉनेटं उघडणार, बॉनेट उघडलं की प्रत्येक जण दुसऱ्याच्या कार्बोरेटरात डोकं घालणार आणि घटनादुरुस्तीचा ठराव राहून जाणार. क्लब चालवायचा तर गाड्या जरा लांबच बऱ्या.

सिंहगडाला मात्र वजन होतं. १०८९ सीसीचं इंजिन घाटात तापतं, पेट्रोलची वाफ होऊन पंपात अडकते आणि मालक पंपावर ओलं फडकं टाकून वाट बघत उभा राहतो. म्हणजे वळणावळणावर एकेक सदस्य आपोआप हजर. सचिवांनी हजेरीपट घेऊन नुसतं चालत वर जायचं. पण चालणार कोण, यावर एकमत झालं नाही. कात्रजचा घाट सुचवणाऱ्याने सगळ्यांना तोच दाखवला. पुढच्या सभांना तो फिरकलाच नाही. चांदणी चौकातला पूल २०२२ साली पाडला, पुढच्या वर्षी नवी रचना खुली झाली, तेव्हापासून तिथे भेटायचं म्हणजे आधी कोणत्या रॅम्पवर, हे ठरवायचं. अध्यक्ष जागा बघायला गेले आणि मुळशीच्या रस्त्याला लागले. तिथली हवा उत्तम आहे, असा अहवाल त्यांनी दिला.

खरा कस लागला तो उताराच्या मुद्द्यावर. बॅटरी बसली तर गाडी ढकलून चालू करायची, म्हणून जागेला उतार हवाच. पण हँडब्रेकवर कुणाचाच भरवसा नाही, म्हणून तो फार नको. 'पुरेसा पण बेताचा' उतार मोजायला उपसमिती नेमली. तिने सदाशिव पेठेतल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीची शिफारस केली. समोरचा रस्ता निमूट उतरता, आणि खोली एका सदस्याच्या मेहुण्याची, म्हणजे भाडं शून्य.

पार्किंग सम-विषम तारखांचं. खजिनदारांनी पंचांग काढावं तसं कॅलेंडर काढलं. ३१ आणि १ या लागोपाठच्या दोन्ही तारखा विषम, त्यामुळे सभा मध्यरात्रीपलीकडे लांबली तरी गाडीची बाजू बदलायला नको, हा त्यांचा शोध. टाळ्या पडल्या. त्या बाजूला दिवसभर दुचाक्यांची भिंत असते, हा तपशील कार्यवृत्तात घ्यायचं कारण नव्हतं.

तर ३१ तारखेला सगळे आले. रिक्षाने, स्कूटरवरून, एक जण पीएमटीने (तिचं नाव बदलून बरीच वर्षं झाली, पण आमचा क्लबच जुन्याचा). विषय होता 'पद्मिनीचं जतन'. १९६४ साली कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून फियाट ११०० डिलाइट म्हणून निघालेली गाडी १९७४ ला पद्मिनी झाली, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या टॅक्सीतूनही निवृत्त झाली. टॅक्सी होती तोवर तिचं दार लागत नाही म्हणून चालकाशी भांडणारेच आता त्या दाराच्या आवाजाने सद्गदित होत होते. स्टेअरिंगवरचा गिअर हातानेच हवेत टाकून दाखवण्यात आला. दुसरा काही केल्या पडेना, हुबेहूब गाडीसारखाच.

फक्त त्या तरुण सदस्याने हट्टाने गाडी आणली होती. सभा संपवून आम्ही खाली उतरलो तेव्हा चाकाला जॅमर लागला होता. आधी सगळ्यांनी गाडीबरोबर फोटो काढले. मग उपसमितीने पाहणी करून नोंद केली की पूर्ण उतारावर, हँडब्रेक न ओढता, गाडी तीन तास जागची हलली नाही. पुढची सभाही इथेच घ्यावी, असं जिन्यातच ठरलं. दंड त्या तरुणाने भरला.